आडनावात कोकण, प्रार्थनेत जेरुसलेम
(ज्यू लोकांच्या पितृभूमीचा आध्यात्मिक अर्थ : बेने इस्राएल समाजाच्या आधारे एक अभ्यास)

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लोकलच्या डब्यात दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की नाव आणि कामधंदा विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न हमखास येतो, "आपलं मूळ गाव कोणतं?" कोणी रत्नागिरी सांगतो, कोणी जळगाव, कोणी नांदेड, कोणी बुलढाणा. ज्याचा जन्म अंबरनाथलाच झाला, ज्याने ते गाव उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिले, तोही आजोबांचेच गाव सांगतो. शाळेच्या फॉर्मवरही 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. तो रकाना कोरा सोडावा असे कुणाला वाटत नाही.

उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर जड जाते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी जाऊन शहर झाले, तरी आजही रिक्षावाला 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतो. ज्यांचे गाव सरहद्दीपलीकडे राहिले, त्यांच्या लेखी मूळ गाव म्हणजे जिथे सुट्टीत जाता येते ती जागा नव्हे. ते गाव भाषेत, सणात आणि आजीच्या आठवणीत सांभाळावे लागते.

मग विद्यार्थी विचारतील, हे किती पिढ्या सांभाळता येते? दोन? चार? जगाच्या इतिहासात एक समाज असा आहे की ज्याने आपले मूळ गाव सुमारे दोन हजार वर्षे प्रार्थनेत सांभाळले. तो समाज म्हणजे ज्यू, अर्थात यहुदी. त्यांचीच एक शाखा आपल्या कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिली, मराठी बोलली, मराठी आडनावे लावू लागली. म्हणून हा विषय परदेशाचा असला तरी त्याचा अभ्यास आपल्या घराजवळूनच करता येतो. प्रस्तुत लेखात आपण तोच प्रयत्न करणार आहोत.

१. भूमी ही देणगी, पण अटीवर

ज्यू धर्माच्या मुळाशी 'तोरा' हा ग्रंथ आहे. मोशेचे पाच ग्रंथ असेही त्यास म्हणतात. त्यातील कथेप्रमाणे ज्यूंचा मूळ पुरुष अब्राहाम हा त्या भूमीत जन्मलेला नव्हता. तो ऊर नावाच्या दूरच्या नगरातला. देवाने त्याला आपला देश व बापाचे घर सोडण्यास सांगितले आणि एक भूमी देण्याचे वचन दिले. म्हणजे ज्यूंच्या परंपरेत पितृभूमीची सुरुवातच घर सोडण्यापासून होते. तेथील मातीतून आम्ही उगवलो, असा त्यांचा दावा नाही. ती आम्हाला वचनाने मिळाली, असे ते म्हणतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तोरामधील 'लेवीय' या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे, आणि तिच्यावर राहणारे लोक हे पाहुणे व उपरे आहेत. यातूनच काही नियम निघाले. सहा वर्षे जमीन कसायची आणि सातव्या वर्षी ती पडीत ठेवायची. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करायची आणि गुलामाला मोकळे करायचे. पिकाची कापणी करताना शेताचा कोपरा कापायचा नाही, खाली पडलेली कणसे उचलायची नाहीत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी आहेत. परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होतात, ही आठवण तोरामध्ये पुन्हा पुन्हा दिली आहे.

या नियमांच्या मागे एक इशारा उभा आहे. तुम्ही अन्याय कराल तर ही भूमी तुम्हाला सोसणार नाही, तुम्हाला बाहेर टाकील. म्हणजे भूमी ही नुसती मालमत्ता नाही, ती वर्तनाशी बांधलेली आहे. ज्यूंच्या संदेष्ट्यांनी आपल्याच राजांना व श्रीमंतांना याच कसोटीवर झोडपले. खुद्द मोशे हा एवढा मोठा पुढारी, पण त्यालाही त्या भूमीत पाऊल ठेवता आले नाही. नबो डोंगरावरून त्याने ती दुरून पाहिली व तेथेच त्याचा अंत झाला, असे तोरा सांगते. ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ अशा रीतीने भूमीच्या उंबरठ्यावरच संपतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

२. मंदिर गेले, दिशा राहिली

जेरुसलेम येथील पहिले मंदिर बाबिलोनच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास पाडले आणि अनेक लोकांना कैद करून नेले. पुढे इराणच्या कुरुष राजाने परत जाण्याची मुभा दिली व दुसरे मंदिर उभे राहिले. तेही रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये जाळले. इ. स. १३५ मध्ये रोमनांविरुद्धचे शेवटचे मोठे बंड मोडले आणि ज्यूंना जेरुसलेममध्ये राहण्याची बंदी झाली. गालील प्रांतात व इतर काही ठिकाणी ज्यू वस्ती टिकून राहिली, परंतु बहुसंख्य समाज देशोदेशी पांगला.

ज्या धर्मात यज्ञबली फक्त एकाच मंदिरात देता येत होते, त्या धर्माचे ते मंदिरच गेले. असा धर्म खरे तर संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण त्याच्या पंडितांनी बलीच्या जागी प्रार्थना आणली, मंदिराच्या जागी सभागृह म्हणजे सिनेगॉग आणले आणि पुजाऱ्याच्या जागी शिक्षक आणला. परंपरा असे सांगते की जेरुसलेम पडत असताना योहानान बेन जक्काई या पंडिताने यावने या गावी विद्यापीठ चालविण्याची परवानगी मिळविली. नगर वाचविता येत नाही तर निदान शाळा वाचवू, असा तो विचार होता.

मात्र या नव्या व्यवस्थेत जुन्या भूमीची आठवण रोजच्या जीवनात पेरून ठेवली गेली. दिवसातून तीनदा प्रार्थना करायची ती जेरुसलेमकडे तोंड करून. लग्नात नवऱ्या मुलाने पेला फोडायचा, कारण आनंदाच्या क्षणीही पडलेल्या मंदिराचा विसर पडू नये. नवे घर बांधले तर भिंतीचा एक तुकडा गिलावा न करता ठेवायचा. शक्य असल्यास मृताबरोबर त्या भूमीची मूठभर माती ठेवायची. वल्हांडणाच्या रात्रीची प्रार्थना संपते ती पुढील वर्ष जेरुसलेममध्ये साजरे करण्याच्या इच्छेने.

यिर्मया या संदेष्ट्याने बाबिलोनच्या कैदेतील लोकांना एक पत्र पाठविले होते. त्यात त्याने सांगितले की तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे मूळ भूमीची आठवण ठेवायची, पण राहत्या गावाशी परक्यासारखे वागायचे नाही. ज्यूंच्या प्रवासी जीवनाचे हे सूत्रच झाले. ते सूत्र आपल्या कोकणात कसे जगले गेले, हे आता पाहू.

३. नवगावचा किनारा

बेने इस्राएल म्हणजे 'इस्राएलची मुले'. त्यांची परंपरा अशी की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छळाला कंटाळून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर पुरली. ती जागा नवगाव येथे आजही दाखविली जाते आणि तेथे स्मारक उभारलेले आहे. हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी माहीत नव्हता. तो सण इ. स. पू. १६४ च्या घटनेचा. त्यावरून आपले पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा तर्क या समाजात केला जातो. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. परंतु समाज स्वतःची ओळख कशी सांगतो, हे या कथेवरून कळते.

जहाजाबरोबर ग्रंथ गेले, भाषाही हळूहळू गेली. उरले ते थोडे. शनिवारी काम न करणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता, काही खाण्यापिण्याचे नियम, काही उपवास आणि 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना. जन्म असो, लग्न असो वा मरण असो, तीच एक प्रार्थना म्हटली जाई. या लोकांनी कोकणात तेलाच्या घाण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हे नाव त्यांनी स्वतः घेतले नव्हते, शेजाऱ्यांनी दिले होते. त्यांच्या धर्माची पहिली साक्ष अशी शेजाऱ्यांच्या तोंडी राहिली.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक विद्वान आला. तो केव्हा आला याविषयी एकमत नाही. कथा अशी की त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले व पर असलेले मासे निवडून बाकीचे बाजूला काढले. तोराचा नियम तोच आहे. त्यावरून ही आपलीच माणसे, अशी त्याची खात्री पटली. त्याने त्यांतील काही जणांना शिकवून तयार केले. त्यांना 'काजी' म्हणत.

या समाजाची आडनावे पाहा. पेणकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर, अष्टमकर, रोहेकर, केहिमकर, झिराडकर, वाकरूळकर. सगळी कोकणातील गावांची. नावेही मराठी वळणाची झाली. शमुवेलचा समाजी झाला, अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी. आडनाव सांगते कुठून आलो, आणि ते उत्तर रायगड जिल्ह्यातले आहे. प्रार्थना सांगते कुठे जायचे, आणि ते उत्तर जेरुसलेम आहे. या दोहोंत भांडण आहे असे त्या माणसांना कधी वाटले नाही.

मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्याचा नवस होता, असे सांगतात. पुढे पनवेल, अलिबाग, पुणे अशी ठिकठिकाणी सिनेगॉग झाली. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे ठाण्याचे 'शाआर हाशामाईम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार'. ते १८७९ चे आहे. मराठी बोलताना हे लोक सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. शब्दासाठी त्यांनी कधी वाद घातला नाही.

४. बिरड्याचा रोजा आणि दुसऱ्या देशाचा पाऊस

आठवण टिकते कशात? मोठ्या ग्रंथात टिकते, तशी ती स्वयंपाकघरातही टिकते. बेने इस्राएल लोकांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली. नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास म्हणजे 'दार फाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन प्रार्थना करायची. एका सणाला 'खिरीचा सण' म्हणत. आणि जेरुसलेमची दोन्ही मंदिरे ज्या तिथीला पडली असे ज्यू मानतात, त्या अब महिन्याच्या नवमीचा उपवास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'.

कोकणातल्या घरात मोड आलेल्या वालाचे बिरडे काय असते, हे वेगळे सांगायला नको. शोकाच्या दिवशी मांसमच्छी नाही, म्हणून बिरडे. हजारो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या मंदिराचे दुःख वालाच्या बिरड्याशी जोडले गेले. आईने मुलीला बिरडे करायला शिकविले आणि त्याबरोबर जेरुसलेमही शिकविले.

दुसरे उदाहरण पावसाचे. ज्यू प्रार्थनेत पावसासाठी मागणे मागण्याचा एक ठराविक दिवस असतो. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, कारण त्या भूमीत पावसाळा तेव्हा सुरू होतो. आता कोकणाचा विचार करा. आपला पाऊस ज्येष्ठात सुरू होतो आणि आश्विनात भात कापणीला येतो. त्या वेळी पाऊस पडला तर उभ्या पिकाची माती होते. तरीही सिनेगॉगमध्ये त्या दिवशी पावसाची प्रार्थना होते. ती आपल्या शेतासाठी नाही, त्या दूरच्या भूमीच्या शेतासाठी आहे. माणूस राहतो एका ऋतुचक्रात आणि प्रार्थना करतो दुसऱ्या ऋतुचक्रात. पितृभूमीचा आध्यात्मिक अर्थ समजून घ्यायला याहून साधे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

भारतातील सिनेगॉगमध्ये प्रार्थना पश्चिमेकडे तोंड करून होते, कारण जेरुसलेम आपल्या पश्चिमेला आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड केले तर समोर समुद्र येतो. ज्या समुद्राने पूर्वजांचे जहाज फोडले, त्याच समुद्रापलीकडे ती भूमी आहे.

५. खंडाळ्याचा खडक

यावरून कोणी असे समजू नये की या लोकांना कोकणाची माती पवित्र वाटत नव्हती. एलिया संदेष्टा, ज्याला ते 'एलियाहू हन्नबी' म्हणतात, त्याच्यावर या समाजाची विशेष श्रद्धा. नवस फेडताना, लग्नकार्यात, शुभप्रसंगी 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, त्यावर फळे, आणि एलियाहूच्या नावाने प्रार्थना. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर खूण आहे. अग्निरथातून स्वर्गात जाताना एलियाहू येथे उतरला व त्याच्या रथाची ही खूण, अशी त्यांची श्रद्धा. त्या जागेला ते 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात.

धर्मग्रंथाप्रमाणे एलिया यार्देन नदीच्या पलीकडून स्वर्गात गेला. कोकणातल्या भाविकाने त्याला आपल्या गावावरून नेले. हे अज्ञान म्हणून हसण्यासारखे नाही. ज्याला पवित्र भूमीकडे जाता येत नव्हते, त्याने पवित्र भूमीचा एक माणूस आपल्याकडे आणला. गंमत अशी की पुढे इस्राएलला गेलेले बेने इस्राएल लोक तेथे हैफा शहरातील एलियाच्या गुहेशी जाऊन मलिदा करू लागले. कोकणातून नेलेली ती श्रद्धा.

एकोणिसाव्या शतकात शिक्षण आले, छापखाने आले. वल्हांडणाच्या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. योसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हाईम शमुवेल केहिमकर यांनी मुलांसाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. ज्या भूमीची आठवण मराठीत टिकली, त्या भूमीत मराठी माणसाच्या समाजाचा इतिहास छापला गेला.

या समाजातही दोष होते, ते लपविण्याचे कारण नाही. त्यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या बायकांशी झालेल्या विवाहातील संततीला काळे इस्राएल मानून त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करीत नसत. ज्यांच्या धर्मग्रंथात परक्याला छळू नका असे पुन्हा पुन्हा लिहिले आहे, त्यांच्याही घरात जातीची हवा शिरली. पुढे शिक्षण आणि शहरी जीवन यांमुळे हा भेद मावळत गेला.

६. बाझेलचे निमंत्रण

युरोपात ज्यूंवर अत्याचार वाढत होते. तेव्हा थिओडोर हर्झल यांच्या नेतृत्वाखाली १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली झायनवादी परिषद भरली. ज्यूंसाठी स्वतःचे राष्ट्रीय घर मिळवावे, हा तिचा हेतू. मुंबईच्या बेने इस्राएल समाजालाही निमंत्रण होते. त्यांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे असे की सियोनला परत नेणारा हात देवाचा असेल आणि आम्ही त्याची वाट पाहत आहोत.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद समजून घ्यावा. धार्मिक ओढ आणि राजकीय चळवळ या दोन गोष्टी एक नाहीत. काही ज्यूंच्या मते परत जाणे हे देवाचे काम, माणसाने घाई करू नये. काहींच्या मते माणसाने प्रयत्न केल्याशिवाय देवही काही करीत नाही. काहींनी देव बाजूला ठेवून केवळ राष्ट्र म्हणून विचार केला. आजही ज्यूंमध्ये या तिन्ही विचारांची माणसे आहेत. युरोपातील नाझी राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यानंतर मात्र आपले म्हणता येईल असे एक ठिकाण हवेच, ही भावना जगभरच्या ज्यूंमध्ये प्रबळ झाली.

भारतात ज्यूंचा असा छळ कधी झाला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना त्रास दिला म्हणून ते गेले, असे घडले नाही. डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. कवी निस्सीम इझिकिएल याच समाजातले. रेल्वेत, टपालखात्यात, कस्टममध्ये, लष्करात, इस्पितळांत या समाजाची माणसे मानाने काम करीत होती. तरीही १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाल्यावर हळूहळू बहुतेक कुटुंबे गेली. काही श्रद्धेने गेली, काही चांगल्या भविष्याच्या आशेने, काही भाऊबहीण गेले म्हणून. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. आज ते चारपाच हजारांच्या आसपास उरले आहेत.

७. पोहोचल्यानंतर

दोन हजार वर्षे ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली, तिथे पोहोचल्यावर काय झाले? हा भाग सर्वांनी नीट वाचावा.

सुरुवातीच्या काळात गेलेल्या काही कुटुंबांना राहण्याच्या, कामाच्या आणि वागणुकीच्या अडचणी आल्या. रंगावरून भेद होतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये त्यांतील काही जण भारतात परत आले. जेरुसलेमला पाठ करून मुंबईचा किनारा गाठताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याहून मोठा घाव पुढे बसला. एवढी शतके वेगळे राहिलेल्या या लोकांनी विवाह व घटस्फोटाचे धर्मनियम पाळले होते की नाही, अशी शंका तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी काढली. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने या समाजाशी विवाहास तत्त्वतः मान्यता दिली. पण १९६२ मध्ये सूचना निघाल्या की बेने इस्राएल व्यक्तीच्या विवाहाआधी तिची आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथ बुडाल्यावरही शनिवार सोडला नाही, त्यांना तुम्ही ज्यू आहात हे सिद्ध करा असे सांगण्यात आले. अलिबागच्या गावकऱ्याला जे विनाचौकशी ठाऊक होते, ते पितृभूमीत सिद्ध करावे लागले.

त्या समाजाने मुकाट्याने सहन केले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये स्त्रिया आणि मुले यांच्यासह त्यांनी आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाने त्या सूचनांतून बेने इस्राएल हे नाव काढले.

आज लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गावांत हा समाज स्थिरावला आहे. तेथून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. महाराष्ट्र दिन साजरा केला. मलिदा, बिरडे, ओल्या नारळाच्या करंज्या हे सारे तेथे गेले. त्यांची नातवंडे हिब्रू बोलतात आणि आजीकडून कोकणच्या गोष्टी ऐकतात. आता कोकण हीच त्यांची आठवणीतली भूमी झाली. कित्येक कुटुंबे इस्राएलहून येऊन नवगावचे स्मारक आणि खंडाळ्याचा खडक पाहून जातात. इकडे उरलेल्या समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

८. त्याच भूमीची दुसरी बाजू

अभ्यास प्रामाणिक व्हायचा तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या भूमीला ज्यू पितृभूमी म्हणतात, तीच पॅलेस्टिनी अरबांचीही पितृभूमी आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांची घरे आणि ऑलिव्हच्या बागा होत्या. जेरुसलेम हे मुसलमान व ख्रिस्ती लोकांनाही पवित्र आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९४७ मध्ये फाळणीचा ठराव केला. त्यानंतरच्या यादवीत आणि १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. त्यांतील अनेकांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या आणि त्या पुढच्या पिढीच्या हाती दिल्या. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझामधील युद्ध यांत दोन्हीकडच्या निरपराध माणसांनी जे भोगले, ते जगाने पाहिले.

एकाची आठवण खरी म्हणून दुसऱ्याची खोटी ठरत नाही. तोरामधील जो नियम आपण सुरुवातीला पाहिला, की भूमी देवाची आणि माणसे पाहुणी, त्याची आठवण आज तेथील काही ज्यू विचारवंतच आपल्या लोकांना करून देतात.

९. आपण काय घ्यावे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवन येथे गांधीजींच्या भेटीत, आपल्याला मायभूमी नाही, असे सांगितले होते. जिथे माणसाला कुत्र्यामांजराच्याही खालची वागणूक मिळते, पाणी मिळत नाही, त्या भूमीला मायभूमी कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी गाव सोडले ते या कारणाने. म्हणून 'मूळ गाव कोणते' हा प्रश्न आपल्यातील कित्येकांना ओढही लावतो आणि जुनी जखमही उघडी करतो.

बेने इस्राएलांचा इतिहास या सवालाला जोडून वाचला म्हणजे अर्थ लागतो. जन्म झाला किंवा पूर्वज होते एवढ्यावर भूमी आपली होत नाही. ती आपली होते ती तिथे माणूस म्हणून मान मिळतो तेव्हा, आणि आपण तिथल्या दुसऱ्याला तसा मान देतो तेव्हा. शनवार तेल्याला कोकणाने मान दिला म्हणून कोकण त्याच्या आडनावात राहिले. पितृभूमीत मान नाकारला गेला तेव्हा त्याने तो लढून मिळविला.

शेवटी, आठवण जपायला राज्य, सैन्य वा संपत्ती लागत नाही. एक दिवस काम बंद ठेवण्याचा निश्चय, एक प्रार्थना आणि वर्षातून एकदा शिजणारे बिरडे एवढ्यावर एका लहानशा समाजाने आपले नाव सांभाळले. आपल्या वस्तीतील वृद्धांजवळ अशा कितीतरी गोष्टी आहेत. त्या ऐकून लिहून ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांनी या सुट्टीत अवश्य करावे. आजी-आजोबा आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'भूमी देवाची आणि माणसे पाहुणी' या विचारातून तोरामध्ये कोणते नियम निघाले?
२. ग्रंथ नसतानाही बेने इस्राएल समाजाने आपली ओळख कशी टिकविली? तीन उदाहरणे द्या.
३. धार्मिक ओढ आणि राजकीय चळवळ यांतील फरक १८९७ च्या प्रसंगावरून स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील ज्येष्ठांना विचारा : मूळ गाव का सोडले? तेथून काय बरोबर आणले? उत्तर एक पानभर लिहा.